नागपूर फक्त दीड तास!

आमच्या दादरच्या विमान-तिकिटांच्या ऑफिसात एक वेळ तिकीट विकलं जाणार नाही, पण संध्याकाळी शटर ओढताना एखादा किस्सा हाताला लागतोच. खुर्च्या तीन. लालबागचे सावंतकाका, नायगावच्या बीडीडी चाळीतली शीतल कांबळे आणि मी. मी गिरगावची, त्यामुळे तोंड माझंच जास्त चालतं.

काकांचा एकच नियम. गिऱ्हाइकाला अंतर सांगायचं नाही, वेळ सांगायचा! "अंतर ऐकलं की माणूस बसल्या जागी दमतो गं!" आणि मुंबईत अंतर विचारतं कोण? आपल्याकडे ठाणंसुद्धा पाऊण तास लांब असतं.

*

एकदा एका गृहस्थांना सिंधुदुर्ग ते नागपूर तिकीट हवं होतं. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर वीत टाकली. "वीतभर पण नाही! तासाभराचं काम."

काकांनी स्क्रीन बघितला. "डायरेक्ट नाही. आधी मुंबई, तिथे सहा तास थांबा, मग नागपूर."

आता हे भडकणार, म्हणून मी तयारीतच होते. पण साहेब खूश! "तिकीट मिसेसचं आहे, ती गावी गेलीय. सहा तास म्हणजे घरी येऊन माझा दोन दिवसांचा स्वयंपाक करून जाईल की!"

असला राग आला ना मला! त्या बाईंसाठी मी हट्टाने दोन तासांच्या थांब्याचं विमान शोधून काढलं.

*

काकांची आत्या सिंधुदुर्गहून पहिल्यांदाच विमानाने आली. बाहेर आली ती तोंड पाडून.

"काय गो आत्ये, भियालंस?"

"भियाचा कसला! पट्टो बांधलंय, जरा डोळो लागता तर उतराक सांगल्यानी. एवढे पैशे घेतल्यानी, आणखी थोडो येळ बसवक काय झाला?"

वर तिची सोलकढीची बाटली तपासणीत काढून घेतलेली. सुके बांगडे तेवढे सुटले.

*

आणि आता शीतलचं. तिने स्वतः पसंत केलेला मुलगा नागपूरचा. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा दोघंच, स्वयंपाकही बाबांचाच. "पोरगा चांगलाय, पण लांब आहे," एवढंच म्हणायचे. ना हो, ना नाही. शीतल बिचारी झुरत होती.

एके दुपारी बाबाच ऑफिसात हजर! शीतलने मान खाली घातली ती वर करेना.

काकांनी आपला नियम काढला. "कांबळे, नागपूर फक्त दीड तास!"

"सावंत, जन्मभर बस चालवली मी. दरवर्षी दीक्षाभूमीला जातो, रात्रभर बसून. नागपूर किती लांब ते मला सांगताय?"

संपलं, म्हटलं, पोरीचं लग्न!

बाबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला.

"विमानात डबा नेऊ देतात?"

"सुकं चालतं," काका चाचरत म्हणाले. "रस्सा अडवतात."

"हिला मटण सुकंच लागतं." बाबा नकाशासमोर जाऊन उभे राहिले. "दीड तास नक्की ना? मग गार नाही होणार."