देवनहळ्ळीची सरी

मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवायला नकोत. आई म्हणायची, या पोरीला शेजारणीच्या भाकरीचा पापुद्रासुद्धा आपल्यापेक्षा मोठा दिसतो. खोटं नव्हतं ते.

नव्वदच्या दशकात मी बेंगळूरच्या एका विद्यापीठात नोकरी करत होते. कागदावर पद साधं सहायकाचं. काम मात्र असं, की प्राध्यापकांना संशोधनासाठी बाहेरून पैसा मिळवायला मदत करायची. दिल्लीच्या कुठल्या खात्यानं कुठली योजना काढली, अर्ज कधीपर्यंत पोचला पाहिजे, त्याच्या प्रती किती, कुठल्या पानावर कुलसचिवांची सही, हे सगळं माझ्याकडं. प्रोफेसर लोक विद्वान खरे, पण 'तुम्हाला नेमकं काय शोधायचंय ते अर्ध्या पानात लिहा' म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. दहा पानं आणून टेबलावर टाकायचे. मी त्यातलं नऊ पानांचं पाणी काढून टाकायची. प्रकल्प मंजूर झाला की पेढे त्यांनी वाटायचे, वर्तमानपत्रात फोटो त्यांचा, आणि जाता जाता मला, "अक्का, थँक्स हं." कुणाची म्हैस अन् कुणाला उठबैस.

मी निपाणीची. धारवाडला भूगोलात एम. ए. केलं, पहिल्या वर्गात. गावतळ्यांच्या पाण्यावर पीएच. डी.ला नाव घातलं, दोन वर्षं कामही केलं. मग लग्न, बेंगळूर, जे. पी. नगरातल्या दोन खोल्या, मुलगी, सासूबाईंचं दुखणं. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी पोहे परतत होते. पत्र वाचलं, गॅस बारीक केला आणि पोहे करपू दिले नाहीत. ज्याला त्याला वाटलं मी मनाला लावून घेतलं नाही.

आणि मग एका जुलैत ती आली. पुण्याची. अठ्ठावीस वर्षांची, पीएच. डी. झालेली, भूगोल विभागात एक वर्षाच्या हंगामी नेमणुकीवर. हुद्द्यानं माझ्या वर, पण मी पहिल्या दिवसापासून तिला 'तू' म्हणायला लागले आणि तिनं मला 'ताई'. तिला त्यात काही वाटलं नाही, याचाही मला राग आला. आमच्या संशोधन कक्षाचे संचालक, भूगोल विभागही त्यांच्याच हाताखाली, मैसूरकडचे, शिस्तीचे. सहा वर्षांत त्यांनी मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. हिला त्यांनी दुसऱ्याच भेटीत आपल्या थर्मासमधली कॉफी ओतून दिली. मी दारात फाइल घेऊन उभी. त्या कॉफीचा वास मला आठवडाभर पुरला.

तिचा विषय ऐकला तेव्हा तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बेंगळूरजवळ देवनहळ्ळीच्या बाजूला विहिरी आटत चालल्या आहेत, तर तिथले शेतकरी पिकाला पाणी देतात कसं, त्यातलं वाया किती जातं, कमी पाण्यात कसं भागेल. म्हणजे माझंच की. तळ्याच्या जागी विहीर घातली की झालं. मी जे पंधरा वर्षांपूर्वी टाकून दिलं, ते ही पोरगी काखोटीला मारून पुण्याहून घेऊन आली होती.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "ताई, इथले रिक्षावाले किती सभ्य हो. काही सांगितलं की आधी सॉरी म्हणतात."

आता मला लगेच कळलं की ते सॉरी नव्हे. ते कन्नडमधलं 'सरी'. म्हणजे बरं, ठीक आहे, होय बाई. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "होय की, सभ्यच आहेत." आणि घरी येऊन नवऱ्याला सांगून पोट दुखेपर्यंत हसले. नवरा हसला नाही. म्हणाला, सांगायचंस की तिला. मी म्हटलं, डॉक्टर आहे ती, शिकेल आपली आपण.

सप्टेंबरात तिनं अर्ज करायचं ठरवलं. त्याला जोडायला थोडी पाहणी हवी होती. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही चला ना देवनहळ्ळीला. मला कन्नड येत नाही. आणि सर म्हणालेत, प्रकल्प आला तर वर्षाच्या शेवटी मला कायम करतील. नाही आला तर पुण्याला परत. तिथं आत्यानं स्थळं काढून ठेवलीच आहेत. एकदा गेले की माझं हे सगळं संपलंच."

संपलंच म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी म्हटलं, "घरी पाहुणे आहेत." एक काळं कुत्रंसुद्धा नव्हतं घरी. अर्जात सहसंशोधक म्हणून एक ओळ असते, ती तिनं मोकळी ठेवली होती, तेवढंच माझ्या डोळ्यांत सलत होतं. माझं एम. ए. तिला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं. आणि दुभाषी म्हणून तिच्या मागं मागं फिरायला मी काही रिकामी नव्हते. मागून घ्यायला जीभ रेटेना, आणि न मागता मिळेना. असं ते होतं.

ती एकटीच गेली. विभागाची जीप आणि ड्रायव्हर, तोही सावलीला जीप लावून झोपणारा. तीन रविवार गेली. उन्हानं काळी होऊन, चपलांना लाल माती लावून परत आली, आणि खूश होती. "ताई, आपली आणि त्यांची भाषा किती जवळची! शेतीतले शब्दसुद्धा तेच." मी मान हलवली. कुठले शब्द, हे विचारावंसं वाटलं नाही.

मग फाइल माझ्याकडं आली. सोबत शेतकऱ्यांकडून भरून घेतलेले तक्ते, तिच्या अक्षरात, मराठीत. प्रश्न चौथा, शेताला पाणी कसं देता? उत्तर, सरी. पुढचा तक्ता, सरी. त्याच्या पुढचा, सरी.

मी आधी चक्रावले, मग माझ्या लक्षात आलं. आपल्याकडं सरी म्हणजे दोन वरंब्यांमधली पाणी जायची चर, उसाला असते ती. तिनं काठीनं मातीत तशी रेघ ओढून मोडक्या हिंदीत विचारलं असणार, पाणी असं देता का? आणि समोरचा भला माणूस, लांबून आलेली शिकलेली पोर, उन्हात उभी, काय विचारते ते धड कळत नाही, तर म्हणाला असणार, सरी अम्मा, सरी. बरं बाई, बरं. त्या भागात सऱ्या पाडून पाणी देणारा मला तरी कधी दिसला नव्हता. वाफे करायचे आणि तुडुंब भरायचे, ही तिथली रीत. बसच्या खिडकीतून बघणाऱ्यालाही दिसेल. पण हिनं अर्जातली दोन पानं त्या एका शब्दावर उभी केली होती. इथले बहुतेक शेतकरी सरीनं पाणी देतात, तेव्हा सरीतच सुधारणा करून पाणी वाचवता येईल. पुढचा सगळा प्रकल्प त्याच्यावर.

फाइल नऊ दिवस माझ्याकडं होती. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीतून तिचं हसू ऐकू आलं, मग सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तिनं आईनं पाठवलेलं मेतकूट मला आणून दिलं आणि विचारलं, "काही चुकलंय का हो?" मी म्हटलं, "वाचतेय अजून." मेतकूट फार चांगलं होतं. आम्ही घरी तूप-भातावर घालून संपवलं.

मी स्वतःला समजावत होते, की माझं काम भाषा तपासायचं, शास्त्र तपासायचं नव्हे. धादांत खोटं. मी लोकांची शास्त्रं पण तपासायची, आणि त्यांना टोचून सांगायची. मला पडताना बघायची होती ती. फार नाही, थोडीशी. गुडघा फुटावा इतपत.

नवव्या दिवशी फाइल परत दिली. प्रत्येक पानावर नेहमीसारखं काम केलं होतं, विशेषणं छाटली होती, उद्दिष्टं सातांची तीन केली होती. ती दोन पानं नुसती उलटली. तिनं रात्र जागून सगळं टाइप करून घेतलं, सह्या झाल्या, शिक्के झाले, आणि अर्ज रजिस्टर्ड पोस्टानं दिल्लीला गेला.

जानेवारीत तिला दिल्लीहून बोलावणं आलं. समितीसमोर येऊन विषय मांडा म्हणून. एवढ्या कोवळ्या उमेदवाराला असं बोलावणं आलेलं मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. संचालकांनी सगळ्यांना मैसूरपाक दिला. मी माझा तुकडा ड्रॉवरमध्ये ठेवला, तिथं त्याला मुंग्या लागल्या. म्हटलं, म्हणजे चुकीसकट मिळणार हिला! तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं, ते मी कुणाला सांगू शकले नसते.

ती परत आली आणि थेट संचालकांच्या खोलीत गेली. मलाही बोलावलं. तिनं उभ्या उभ्या सांगितलं. समितीत धारवाडकडचे एक म्हातारे शास्त्रज्ञ होते, मराठी जाणणारे. त्यांनी सहज म्हणून भरलेले तक्ते मागितले. दोन-तीन वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, बाळ, हा माणूस तुला पाणी देण्याची पद्धत सांगत नाहीये, तुला बरं म्हणतोय. मग त्यांनी ते बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले. वाईट हेतूनं नाही, ती म्हणाली, पण बराच वेळ हसले.

संचालक माझ्याकडं वळले. "अक्का, कन्नड तुम्हाला येतं, मराठी तुम्हाला येतं. हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं?"

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "सर, अर्ज पाठवायचा त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना फाइल दिली. त्यांना वाचायला वेळच मिळाला नाही. चूक माझी आहे."

संचालकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सरी," म्हणाले. "जा."

प्रकल्प आला नाही, आणि जूनअखेर तिची नेमणूक संपली. पुढं वाढवली नाही. शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली, देणं-घेणं काही नाही अशा कागदावर माझीही सही लागायची. मी सही केली आणि न राहवून विचारलं, "तू सरांना खोटं का सांगितलंस?"

"नऊ दिवस म्हटलं असतं तर त्यांनी तुम्हालाच धरलं असतं."

"अगं, नजरचुकीनं राहतं एखादं."

ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, चोवीस पानांचा अर्ज होता. माझ्या खर्ड्यात बावीस पानांवर तुमची लाल शाई आहे. एका पानावर तर तुम्ही माझा स्वल्पविरामसुद्धा सोडला नाहीत. ती दोन पानं तेवढी कोरी आहेत. मला दिल्लीहून येताना गाडीत दिसलं ते."

मी कागद तिच्याकडं सरकवला.

"मला तर जावंच लागणार होतं," ती म्हणाली. "तुम्हाला इथं राहायचंय. सरांनी पुन्हा कधी विचारलं तर आदल्या संध्याकाळीच म्हणा, नाहीतर मी खोटी पडेन." आणि कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवून गेली.

कुणाला वाटेल, त्या वेळी मला पश्चात्ताप झाला असेल. तो नंतर झाला, आणि अजून होतो. त्या क्षणी मात्र माझ्या मनात आलं ते असं, की एवढं सगळं हातचं गेल्यावरही हिला असं वागता येतं. मला आलं असतं का? आणि त्याचाही मला हेवा वाटला. भयंकर वाटला.

दोन वर्षांनी संचालक निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांनी एकेकाचं नाव घेऊन कौतुक केलं. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "या अक्कांच्या हातून सगळ्या कारकिर्दीत एकच चूक सुटली, आणि तीही फाइल आदल्या संध्याकाळी आली म्हणून. नाहीतर त्या पोरीचा प्रकल्प यांनी नक्की वाचवला असता." सभागृहात टाळ्या पडल्या. संचालकांनी मला हातानं खूण केली, उभ्या राहा म्हणून. मी उभी राहिले, चारी बाजूंना हात जोडले आणि टाळ्या थांबेपर्यंत तशीच उभी राहिले.