शकुनबाईच्या फ्रीजमधली गॅस

साकोलीच्या बसस्टँडमागे टिकारामचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. जुना फ्रीज उघडायचा म्हणजे आधी पकडीनं कॉम्प्रेसरची नळी तोडायची. फुस्स आवाज आला की आतली गॅस गेली. याला इकडचे मिस्त्री 'गॅस मोकळी करणं' म्हणतात. पुस्तकात गॅस पुरुष असेल, साकोलीत ती बाई आहे, तेव्हा आपणही तसंच म्हणू. टिकारामनं तीस वर्षं गॅस मोकळीच केली, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला कोणी सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याची बायको शकुनबाई वारली. साखर होती, मग किडन्या गेल्या. मयतीला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "मोकळी झाली बिचारी." टिकाराम नुसती मान हलवत राहिला. त्याला रडू आलं नाही, तेरवीलाही नाही. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला! आतून पार लाकूड झाला होता. 'मोकळी' हा शब्द मात्र त्याच्या तोंडून गेला. दुकानात तो 'गॅस काढतो' म्हणू लागला.

घरी शकुनबाईचा फ्रीज होता, तिच्या इन्सुलिनसाठी घेतलेला जुनाट डबा. टिकारामनं चार वेळा दुरुस्त करून तो कधी बंद पडू दिला नव्हता. आता आत इन्सुलिनची अर्धी बाटली तेवढी उरली होती, तरी फ्रीज चालूच. जवाहरनगरला दिलेली त्यांची मुलगी शालू आली की कावायची.

"बाबा, रिकामा फ्रीज कायले चालू ठेवून राहिले तुम्ही?"

"राहू दे," तो म्हणायचा आणि जेवायला बसायचा. काय जेवला हे विचारलं तर सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये नागपूरहून भावना मॅडम मिस्त्र्यांना शिकवायला आल्या. जगातल्या देशांनी मिळून ठरवलं होतं की जुन्या फ्रीजमधली गॅस हवेत सोडायची नाही. श्रीमंत देशांनी पैसा द्यायचा, आपल्यासारख्यांनी गॅस गोळा करून भट्टीत जाळून टाकायची. मोठमोठ्या बैठकांतून निघालेली ही गोष्ट साकोलीला पोचेपर्यंत एक यंत्र, एक सिलिंडर आणि चहा-समोसा एवढी उरली होती. पण मॅडम तळमळीच्या होत्या.

"आजपासून गॅस मोकळी करायची नाही," त्यांनी बजावलं. "ही जुनी गॅस वर गेली की शंभर वर्षं राहते. ऊन गाळणारा वरचा थर खाते."

टिकारामनं मान वर केली. "शंभर वर्षं? आन् जाळली तर?"

"तर संपली. काही उरत नाही."

काही उरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. शकुनबाईची राख त्यानंच चुलबंद नदीत सोडली होती.

मॅडमना प्रात्यक्षिकासाठी त्या जुन्या जातीची गॅस हवी होती. आता ती मिळते कुठे? "माह्या घरी आहे," टिकाराम म्हणाला, आणि आपण हे का बोललो ते त्यालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम यंत्र घेऊन घरी आल्या. त्या सिलिंडर तपासत होत्या तोवर टिकारामनं फ्रीजचा प्लग काढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा घर गप्प झालं. सवयीनं त्याच्या हातात पकड आली आणि नळीला लागली. एक फुस्स, आणि शकुनबाईच्या घरची वस्तू शंभर वर्षं साकोलीच्या वर राहिली असती. भट्टीत जायची नाही, संपायची नाही. त्याला ते फार हवं होतं.

शकुनबाई अंगण झाडायची तेव्हा कचरा सुपात भरून स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकायची. वाऱ्यानं एक पान शेजारच्या दारात गेलं तरी उचलून आणायची. टिकाराम यावरून तिची थट्टा करायचा. त्यानं पकड खाली ठेवली, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे नळीला व्हॉल्व्ह बसवला आणि यंत्र सुरू केलं. गॅस मुकाट्यानं सिलिंडरमध्ये गेली.

मॅडमनी कागद काढला. "फ्रीज कुणाच्या नावावर?"

"शकुनबाईच्या."

"बोलवा ना त्यांना. सही लागते."

टिकारामनं सिलिंडरकडे पाहिलं. मग म्हणाला, "मोकळी झाली."

मॅडम दचकून यंत्राकडे धावल्या. "मोकळी झाली? कुठून गळली?" त्यांनी व्हॉल्व्ह चाचपला, पाइप चाचपला. सगळं घट्ट होतं.

"गॅस नाही मॅडम," टिकाराम म्हणाला. "माही बायको."

त्यानं फ्रीजचं दार उघडलं, इन्सुलिनची अर्धी बाटली काढली आणि ती मुठीत धरून तिथंच फरशीवर बसला. बाटली अजून थंड होती. ती हातात हळूहळू कोमट होत गेली, आणि टिकाराम रडू लागला.