धाकटीचा आवाज

थोरली दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायची आणि धाकटी चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळायची. कामावरून आल्या की दोघी बहिणींचा बँड सुरू. थोरली कॉम्प्युटरवर सूर-ताल रचायची, धाकटी गाणी लिहून गायची.

एकदा मुलाखतीत कुणीतरी विचारलं, "तुमच्या संगीतावर प्रभाव कोणाचा?"

"आईच्या शिलाई मशीनचा आणि बाबांच्या खराब कॅसेटींचा," धाकटी म्हणाली. लोक हसले, पण ते खरंच होतं. आईचं मशीन अडखळत चालायचं, त्या तालावर दोघी लहानाच्या मोठ्या झाल्या. बाबांच्या कॅसेटी इतक्या झिजल्या होत्या की गाणारी बाई पाण्यातून गातेय असं वाटे. बाबा वैतागायचे, मुली मात्र खूश. थोरलीने तो हेलकावणारा सूर पुढे कॉम्प्युटरवर हुबेहूब उतरवला. त्यावर धाकटीचा स्वच्छ, धारदार आवाज. हळूहळू गाणी ऐकणारे चार-पाच हजार लोक झाले.

मग धाकटीच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाजाची नस दुखावली. "सहा महिने थांबा," डॉक्टर म्हणाले. वर्ष उलटलं. घशातून नुसती घरघर यायची. गिऱ्हाइकं "काय म्हणालात?" असं तीन-तीनदा विचारायची. शेवटी मालकाने तिला आत काचा घासायला बसवलं.

थोरलीला हे बघवेना. तिच्याकडे धाकटीची चार वर्षांची रेकॉर्डिंग्ज होती. त्यांतून एकेक अक्षर कापून तिने नवं गाणं जोडलं. "मी बरी आहे आता" हे ध्रुवपद. त्यातलं 'बरी' तिने एका जुन्या गाण्यातल्या 'बरीच वर्षं'मधून तोडलं होतं. धाकटीला चकित करायचं म्हणून न सांगताच तिने ते इंटरनेटवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातली मैत्रीण धाकटीच्या गळ्यात पडली. "अगं, आवाज परत आला आणि सांगितलंसुद्धा नाहीस?"

धाकटी तडक घरी आली.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुला आनंद होईल वाटलं गं."

"मी बरी आहे असं कधी म्हटलं मी?" प्रत्येक शब्दाला तिला दम घ्यावा लागत होता. "माणूस गेल्यावर करतात असं, ताई. मी आहे ना अजून?"

थोरलीने तेव्हाच्या तेव्हा गाणं काढलं. पण तोवर ते भलत्यांनीच उचलून पुन्हा इंटरनेटवर टाकलं होतं. धाकटीच्या सगळ्या गाण्यांपेक्षा तेच जास्त चाललं.

"जुनी रेकॉर्डिंग्जही पूस," धाकटी म्हणाली. "माझ्यासमोर."

सुट्टीच्या दिवशी दोघी शेजारी बसल्या. पुसायला दुपार गेली. मध्येच थोरली म्हणाली, "एक तरी राहू दे ना." धाकटीने मान हलवली. नाही.

पुढच्याच महिन्यात धाकटीने दुकानाजवळ खोली घेतली. थोरलीने एकटीने गाणी करून पाहिली. गायला दुसऱ्या मुली आणल्या, पण एकीचंही गाणं पुरं झालं नाही. फोनवर धाकटीचं बोलणं कळत नाही, म्हणून बहिणी आता एकमेकींना मेसेज करतात. तेही आईच्या औषधांपुरते.