अक्कानं न घेतलेल्या गोळ्या

"नाही म्हटलं ना! फेकायच्या नाहीत."

"अहो आण्णा, नऊ दिवस झाले. काडीचा फरक नाही. उलट जास्तच जड वाटतंय."

लेक प्रयोगशाळेच्या उंदीरघराच्या दारात उभी होती, हातात उदासीवरच्या गोळ्यांचं पाकीट. आण्णानं पिंजरा खाली ठेवला. पांढऱ्या उंदरांचा भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या, पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीत औषधाचा दिवस लिहायचा, यात त्याची बावीस वर्षं गेली होती.

चपला बाहेर काढायच्या हा इथला नियम. दाराशी जोडून ठेवलेल्या चपला दिसल्या की आजही तो नजर वळवायचा. त्याच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या चपला नदीकाठी अशाच सापडल्या होत्या. एखादा उंदीर भिंतीकडे तोंड करून बसला की त्याला अक्काची पाठ दिसायची. तो पिंजरा मग तो सगळ्यांत शेवटी साफ करायचा.

"आत ये. हा बघ."

उंदराच्या डोक्यातून केसाएवढी नळी निघाली होती. थोड्या थोड्या वेळानं एक थेंब कुपीत पडत होता.

"मेंदूत सेरोटोनिन, म्हणजे मनाचा तोल सांभाळणारं रसायन, किती सुटलं ते इथल्या शास्त्रज्ञ बाईंचं मशीन या थेंबावरून सांगतं. तुझ्याच औषधाचा याचा तिसरा दिवस. मशीनवरची रेघ अजून हलली नाही. ते सोडणाऱ्या पेशीच्या अंगावरच पहारेकरी बसलेला असतो, रिसेप्टर म्हणतात त्याला. तुझ्या गोळीनं बाहेर माल साचला की तो बोंबलतो, बास झालं, नळ बंद करा!"

"पहारेकरी कसला, सासूच ती." लेकीच्या ओठाचा कोपरा कितीतरी दिवसांनी हलला.

"सासू तर सासू. दोन-तीन आठवडे बोंबलून तिचा घसा बसतो. मग नळ मोकळा. बाईंचं नवं औषध पहिल्याच दिवशी तिचं तोंड दाबतं, पण ते अजून उंदरांपुरतंच."

"आत्यानंही सोडल्याच होत्या की."

आण्णानं पिंजऱ्याची कडी लावली. घरात इतकी वर्षं सगळे हेच सांगत आले होते.

"तिनं नाही सोडल्या. मी मोरीत फेकल्या. ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली, मला वाटलं गोळ्यांनीच केलं. डॉक्टरला विचारलं नाही, अक्कल पाजळली. ती म्हणत होती, राहू दे रे, अजून थोडे दिवस बघू. दहावा दिवस होता तिचा."

"घेतल्या असत्या तर वाचली असती?"

"कोण सांगणार? बाईसुद्धा सांगत नाहीत."

"आईला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

आता ही तोंड सोडणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. तिनं पाकिटातून एक गोळी काढली. मग म्हणाली, "पाणी द्या."

त्यानं आपली बाटली दिली. तिनं दुपारची गोळी गिळली.

"संध्याकाळी डॉक्टरकडे चला माझ्याबरोबर. जड वाटतंय ते सांगायचंय. आणि आईला तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार."

"येतो. सांगतो."

ती गेली. जिना संपेपर्यंत तो तिच्या चपलांचा आवाज ऐकत राहिला. दाराकडे मात्र त्यानं बघितलं नाही.

खालच्या फळीवर एक उंदीर भिंतीकडे तोंड करून बसला होता. आण्णानं आधी तोच पिंजरा ओढला, ओला भुसा उपसला आणि चिठ्ठीवर लिहिलं, दिवस दहावा.