हनुवटीवरच्या तीन रेघा

कोपऱ्यावरच्या पार्लरवाल्या ताईला बिनामेकअपचं अख्ख्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. नवरा म्हणायचा, "ही एखाद्या सकाळी नुसतं तोंड धुऊन समोर आली ना, तर घरात परकी बाई शिरली म्हणून मी बोंब ठोकीन." गिऱ्हाइकं खिदळायची, तीही हसायची. दोऱ्याने भुवया कोरताना तिचा हात मोठा पक्का, आणि जीभ त्याहून. फक्त हनुवटीला कुणी बोट लावलेलं तिला खपायचं नाही. तिथला लेप जरा जाडच असायचा. लहानपणी झोपाळ्यावरून पडले, असं ती सांगायची.

पडलीबिडली काही नव्हती. तिच्या माहेरी, डोंगरात, मुलगी मोठी झाली की आई तिच्या हनुवटीवर तीन रेघा गोंदते. हिच्याही होत्या. शहरात पार्लरचं काम शिकायला आली तेव्हा बरोबरच्या मुली त्या रेघांकडे बघून फिदीफिदी करायच्या. पहिला पगार झाला आणि तिने त्या यंत्राने जाळून घेतल्या. पुढे माहेरी गेली ती एकटीच, तीही क्वचित. लेकीला आजी ठाऊक होती ती नुसती आवाजाने. "आजीचा फोन साधा आहे गं, त्यात चेहरा दिसत नाही," म्हटलं की विषय मिटायचा.

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. तिच्या वर्गात प्रकल्प निघाला: आपल्या देशातले मूळ रहिवासी आणि त्यांची संस्कृती. भिंगरीच्या गटाच्या चिठ्ठीत नेमके डोंगरातलेच लोक आले.

"दुसरे कुणी घ्या की. समुद्राकडचे घ्या," ताई म्हणाली.

"का? हे भारी आहेत. बायकांच्या हनुवटीवर तीन रेघा असतात. आई, तुझी भुवयांची पेन्सिल देशील?"

द्यावी लागली. दिली तीही चांगली, न पसरणारी.

प्रदर्शनाच्या दिवशी भिंगरीच्या टेबलापुढे ही झुंबड. मागे फळ्यावर हनुवटीवर तीन रेघा असलेल्या एका म्हातारीचं मोठं चित्र. येईल त्याच्या हनुवटीवर पोरं रेघा ओढत होती. वॉचमनकाकांनीसुद्धा ओढून घेतल्या. "बघू, आज बायको दार उघडते का!"

वर्गबाईंनी ताईला हेरलं. "अहो, तुम्ही कशा मागे? या या, तुम्हाला तर शोभूनच दिसतील."

ताई दोन पावलं मागे सरली. नाही म्हणेपर्यंत पोरांनी तिला स्टुलावर बसवलं होतं. भिंगरीने ओल्या कापसाने आधी हनुवटी स्वच्छ पुसली. तेलकट कातडीवर रंग बसत नाही, हे आईनेच तिला शिकवलेलं. मग पेन्सिल टेकवली. रेघ उमटेना. पुन्हा ओढली. कातडीवरच्या तीन पांढरट, गुळगुळीत पट्ट्यांवरून पेन्सिल नुसती घसरत होती. कडेला काळं उठायचं, मध्ये कोरं ते कोरंच.

भिंगरी अगदी जवळ वाकली. मग मान वळवून तिने चित्रातल्या म्हातारीकडे पाहिलं. पुन्हा आईकडे पाहिलं.

"काय गं, अडलं कुठे?" बाईंनी विचारलं.

ताईने डोळे गच्च मिटले. आता फुटणार सगळं. फुटू दे बाई एकदाचं.

"काही नाही, बाई. आई लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती ना, तिथे रंग धरत नाही," भिंगरी म्हणाली. आणि आईची हनुवटी कुणाला दिसणार नाही अशी समोर आडवी उभी राहिली. हळूच तिने आईच्या पर्समधून लेपाची डबी काढून तिच्या हातात सरकवली.

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर वर्गात पोरीने बोट दाखवलं असतं, तरी इतकं लागलं नसतं. खोटं तिचंच, शब्द तिचेच, सूरसुद्धा तिचाच. तरी सवयीने बोट डबीत गेलं आणि लेप लागलाही.

परतताना भिंगरी चार पावलं पुढे चालत होती. पार्लर दिसायला लागलं तशी थांबली.

"आई, आजीचा फोन खरंच साधा आहे?"

ताईने किल्ली शोधायला पर्स उघडली. किल्ली हातातच होती. "नाही," ती म्हणाली.

"मग आजी मला बघायला मागत नाही?"

"मागते गं," ताई खाली बघत म्हणाली. "दर वेळी मागते."