नळातला गाळ

बुधवार पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या दाराबाहेर मी वेठीची मोळी टाकली आणि पाणी मागितलं. चैताचं ऊन. कात्रजपासून डोक्यावर लाकडं, पायात काही नाही. दारातून आतला हौद दिसत होता. काठोकाठ भरलेला.

वाड्याचे मालक झोपाळ्यावर बसले होते. "तिथंच थांब," ते म्हणाले. "हौदाकडे बघूही नकोस."

"मायबाप, ह्ये पानी आमच्या गावचंच हाय. नळातला गाळ म्याच काढलाय."

ते शांतपणे म्हणाले, "गाळ काढलास ना? मग गाळ तुझा. पाणी आमचं."

आतल्या बायका हसल्या. कारकून हसला. माझा नवरा माझ्या मागं उभा होता. तोही हसला. मान खाली घालून, हात जोडून. आम्ही तसेच परत निघालो.  

आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. वेशीच्या आत कुणबी, सुतार, लोहार, कुंभार. ज्याचं त्याचं काम ठरलेलं. वेशीबाहेर आम्ही, महारवाडा. मेलेली ढोरं ओढायची, सांगावे पोचवायचे, लाकूड फोडून शहरात न्यायचं. आणि नळ. गावच्या तळ्यातून पुण्याला पाणी नेणारा, जमिनीखालचा, माणूस वाकून चालेल एवढा. वर्षातून एकदा पाणी बंद करून आम्हाला आत उतरवत. गुडघाभर गाळ, अंधार, कुजका वास. बाया पाट्या भरून वर देत. नळ कोरडा असेपर्यंत आमचे हात चालत. पाणी सुटलं की आमची सावली चालत नसे. तळ्यावरही मज्जाव. आम्ही ओढ्यात खड्डा करून करवंटीनं पाणी भरायचो.

गाळाचे दिवस आले. पाटलाचा माणूस दारात उभा राहिला. "उद्या नळात उतरायचं हाय. बाया-गडी समदी."

"म्या न्हाई येनार."

"का गं?"

"गाळ माझा हाय म्हनं. माझा हाय तर ऱ्हाऊ दे तिथंच."

बोलताना छाती फुगली होती. ते मी लपवत नाही.

मला कुणी हात लावला नाही. नवऱ्याला नेलं. चावडीपुढं ओणवा उभा केला, पाठीवर जात्याच्या तळीएवढा दगड. ऊन उतरेपर्यंत. मी वेशीबाहेर बोरीखाली उभी होते. धावत जाऊन पाटलाचे पाय धरायचे, येते म्हणायचं, एवढंच करायचं होतं. तोंडातून शब्द निघाला नाही. म्हणजे मी निघू दिला नाही.

त्याला घरी आणलं. मी पाठीला तेल चोळत होते. तो म्हणाला, "बोललीस तू. पाठ माझी गेली."

पाठ पुन्हा सरळ झाली नाही. आता तो भिंतीला धरून चालतो. भाकरी वाढताना मला त्याच्याकडे बघवत नाही. सासू माझ्या हातचं पाणी घेत नाही. तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

यंदा तोच माणूस पुन्हा आला. नवरा आत पडून होता. मला म्हणाला, "जा. येक डाव जा."

मी ऐकून घेतलं. बाहेर आले. म्हणाले, "म्या न्हाई येनार. दगड ठेवायचा तर माझ्या पाठीवर ठेवा. चला चावडीवर."

नवऱ्याच्या पाठीचं पाप माझ्या माथी आहे. ते जाणार नाही. पण नळात मी उतरणार नाही.