बारा पस्तीसचा मुहूर्त आणि दोन पुढारी

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. बारा वाजून गेले होते. नवरी तयार, नवरदेव तयार, भटजी तयार. फक्त दोन पुढारी आपापल्या गाडीत एसी लावून बसले होते, एक पेट्रोल पंपाजवळ आणि दुसरे शाळेच्या भिंतीला लागून. दोघंही मंडपापासून हाकेच्या अंतरावर होते आणि दोघंही समोरचा आधी आत जाण्याची वाट बघत होते.

आमच्या हिंगोलीकडे लग्नात जो शेवटी येतो तो मोठा. जो शेवटी बोलतो तो त्याहून मोठा. एकाच लग्नाला दोन तोलामोलाची माणसं बोलावली, की मग लग्न कधी लागेल ते औंढ्याच्या नागनाथालाच माहीत.

मी लग्नात अँकरिंग करते. जुन्या भाषेत सूत्रसंचालन. आलेल्या पाहुण्यांचं माईकवरून स्वागत करायचं, कोणाला फेटा, कोणाला शाल-श्रीफळ ते पुकारायचं, पुढाऱ्यांची आशीर्वादाची भाषणं लावायची आणि उरलेल्या वेळात लग्न लावायचं. हे काम आमच्याकडे बहुतेक शाळेतले गुरुजी करतात. बाई करते म्हटल्यावर सुरुवातीला लोक माईककडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायचे.

मला मात्र ही कलाच वाटत होती आणि अजूनही वाटते. म्हणून मी ती कलेसारखीच शिकले. जवळा बाजार या आमच्या गावी, घराच्या गच्चीवर रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचा, आधी पहिलं पान, मग बाजारभाव, मग निधनवार्ता. सोयाबीनचा भाव आनंदानं आणि निधनवार्ता गंभीरपणे वाचता आली, की आवाज ताब्यात आला. शेजारच्या काकूंनी माझ्या सासूबाईंना विचारलंही होतं, "सूनबाई काहून बोंबलून राहिली रोज?" स्वागताचा सराव मी नवऱ्यावर करायचे. हे स्कूल व्हॅन चालवून दुपारी घरी आले, की स्वयंपाकघराच्या दारात "आपल्या सर्वांचे लाडके" म्हणून त्यांचं स्वागत व्हायचं. पहिल्या महिन्यात लाजायचे. नंतर एखाद्या दिवशी मी विसरले, तर दारातच थांबायचे.

तर ते लग्न. आमच्याकडच्या गोरेगावच्या माधवरावांच्या धाकट्या मुलीचं, शीतलचं. हळदीचा व्यापार, माणसं जोडलेली, त्यामुळे अण्णा आणि दादा या दोन्ही पुढाऱ्यांना आमंत्रण. एकाला बोलवावं आणि एकाला नाही, असं व्यापाऱ्याला चालत नाही.

मला बोलावलं ते शीतलनं. वडिलांनी माईकसाठी नेहमीचे गुरुजी ठरवले होते. ती अडून बसली. मला घरी बोलावून म्हणाली, "ताई, माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात मुहूर्त साडेबाराचा व्हता अन् अक्षता पडल्या चार वाजता. भर उन्हाळा, उपास, अंगावर जड शालू. ती स्टेजवरच चक्कर येऊन पडली. फोटोत सगळे तिला वारा घालून राहिले. मला माझ्या लग्नाचे तसले फोटो नकोत."

"मुहूर्तावर लावते," मी म्हणाले.

हे वाक्य तोंडातून जाणं सोपं असतं. ते गावभर पसरलं. लग्नाच्या दिवशी गुरुजी पाहुणे म्हणून आले, पहिल्या रांगेत बसले आणि चारचौघांत म्हणाले, "बाई, बारा पस्तीसला लग्न लावलं तर तुम्ही असताना मी पुन्हा माईक हातात धरणार न्हाई."

मलाही जोर आला. मी म्हणाले, "गुरुजी, नाही लागलं तर बारा छत्तीसला हा माईक तुमच्या हातात देईन. पुढच्या सगळ्या तारखाही तुमच्या."

आजूबाजूचे हसले. मी पण हसले. मग लक्षात आलं, सगळा सीझन मी एका वाक्यात उधळून बसले होते.

पहिला अडथळा परण्याचा. परण्या म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो ती मिरवणूक. पुढं डीजे, मागं मित्र. एका चौकात तासभर नाचतात. मी डीजेच्या ड्रायव्हरला चहा पाजला आणि एकच विनंती केली, "भाऊ, गाणं कोणतंही लावा, पण गाडी थांबवू नका." गाडी थांबली की पोरं गोल करून नाचतात. गाडी चालत राहिली की त्यांना चालत चालत नाचावं लागतं. घामाघूम होऊन सगळी मंडळी साडेअकरालाच मंडपात हजर झाली. नवरदेवाच्या मित्रांना काय झालं ते कळलंच नाही.

दुसरा अडथळा नावांचा. स्टेजवर चिठ्ठ्या येत राहतात, अमक्याचं नाव घ्या, तमक्याचं राहिलं. एक नाव राहिलं तर तो माणूस न जेवता जातो आणि दहा वर्षं सांगत फिरतो. गुरुजी दोनशे नावं घ्यायचे. मी एकही घेतलं नाही. गावं घेतली. "सेनगावकर, हात वर करा! औंढेकर, तुमचा आवाज येऊ द्या!" गावाचं नाव आलं की सगळं गाव ताठ बसतं. फेटे तर मी मंडपाच्या दारातच बांधायला लावले होते. आत येणारा प्रत्येक जण आधीच फेट्यात, मग नाराज कोण होणार?

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. तेवढ्यात माधवराव स्टेजवर आले.

"ताई, थांबावं लागते. अण्णा अन् दादा आले न्हाईत."

"ते तर गावातच आहेत."

"व्हय. पण दादा म्हणतात अण्णा आले की येतो. अन् अण्णा म्हणतात दादा आले की येतो."

"मग दोघांशिवाय लावू."

माधवरावांचा चेहरा पडला. "असं नका बोलू. दोघातल्या एकाला सोडून लग्न लावलं, तर मला या तालुक्यात हळद इकता येणार न्हाई."

मंडपाच्या पुढच्या दाराशी दोघांचा एकेक माणूस कानाला फोन लावून उभा होता. समोरचा आला की आपल्या साहेबांना कळवायचं, एवढंच त्याचं काम. शीतल स्टेजच्या मागं उभी होती. शालूत घाम आला होता. माझ्याकडे बघत ती पदरानं कपाळ टिपत होती.

साउंडवाले सलीमभाई माझे नेहमीचे. ते हळूच म्हणाले, "ताई, बोलो तो वायर ढिली करतो. माईकच बंद, तो भाषण कैसा होगा?"

"भाषण नंतर बघू. आधी माणसं आत आणायची आहेत. रस्त्याकडचे भोंगे चालू आहेत?"

"एकदम बराबर. पेट्रोल पंपापर्यंत आवाज जाते."

मंडपाला दारं दोन होती. मागचं दार स्वयंपाकाकडून थेट स्टेजजवळ निघायचं. पुढच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नव्हतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मी माईक घेतला. रोज सकाळी सोयाबीनचा भाव ज्या आनंदानं वाचते, तो आनंद आवाजात आणला. "मंडळी, अण्णासाहेबांसाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

एवढंच. आले म्हटलं नाही, येणार म्हटलं नाही. हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे टाळ्या मागितल्या की लोक कारण विचारत नाहीत. दाराशी उभा असलेला दादांचा माणूस फोनमध्ये ओरडला, "दादा, अण्णा मागच्या दारानं घुसले! निघा!"

शाळेजवळची गाडी सुरू झाली. मी थोडी थांबले. मग म्हणाले, "आणि आता दादासाहेबांसाठी, त्याहून जोरात!"

आता अण्णांचा माणूस फोनमध्ये ओरडला. तुम्ही म्हणाल, दोघांनीही भोंग्यावर स्वतःच्या नावाच्या टाळ्या ऐकल्या असतील, त्यांना संशय कसा आला नाही? मी इतकी वर्षं स्टेजवर आहे. स्वतःच्या नावाच्या टाळ्यांवर संशय घेणारा पुढारी मला अजून भेटायचा आहे.

दोन गाड्या दोन बाजूंनी आल्या आणि मंडपाच्या दारात नाकाला नाक लावून थांबल्या. धुरळा खाली बसला. दोघं उतरले, एकमेकांना बघितलं. हजार लोकांसमोर दुसरं काय करणार? गळाभेट झाली. फोटो निघाले. हातात हात घालून दोघं स्टेजवर आले, आधी कोणी नाही आणि नंतर कोणी नाही.

बारा तेहतीस झाले होते. मी दोघांच्या मधोमध माईक धरला. "आशीर्वादाचे दोन शब्द आधी कोण बोलणार?"

"आधी अण्णा बोलतील. वडीलधारे हायेत," दादा म्हणाले.

"न्हाई न्हाई, मान दादांचा. आधी त्यांना द्या," अण्णा म्हणाले.

"तुमी हो."

"आवं, तुमी."

मी माईक परत घेतला. "मंडळी, असा मनाचा मोठेपणा बघायला मिळत नाही! दोघांनीही आपल्या भाषणाचा वेळ वधूवरांना दिला! भटजी, अंतरपाट!"

भटजी इतके खूश झाले, की पहिलं मंगलाष्टक त्यांनी नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत उचललं. बारा पस्तीसला पहिल्या अक्षता पडल्या. गुरुजींनी आपलं घड्याळ बघितलं, मग शेजाऱ्याचं बघितलं, मग पुन्हा आपलं. मला हसू आवरेना. शीतल हार घालताना उभी होती, ताठ. मी स्टेजवरून खाली उतरले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

लागले. माधवराव धावत आले. रंग उडालेला.

"ताई, पुऱ्या न्हाईत!"

"म्हणजे?"

"कढईच चढवली न्हाई अजून!"

मी मागं गेले. आचारी निवांत कणीक तिंबत बसला होता. मला बघून म्हणाला, "बाई, बारा पस्तीस म्हणजे मी तीन धरतो. सगळेच धरतात. आत्ता पुऱ्या तळून गार करू का? भात तर टाकलाच न्हाई." त्याचं बोलणं अगदी बरोबर होतं.

बाहेर हजार माणसं जेवायला म्हणून उठायला लागली होती. माधवराव हात जोडून म्हणाले, "ताई, पाहुणे उपाशी गेले तर माझं नाकच गेलं. काय बी करा, पण बसवून ठेवा." पहिल्या रांगेत गुरुजी पाय पसरून बसले होते. गालात हसत होते. आता मला कळलं, की इतकी वर्षं ते दोनशे नावं उगीच वाचत नव्हते. त्यांचं आणि आचाऱ्याचं गणित पक्कं जुळलेलं होतं.

आमच्या धंद्यात अशा रिकाम्या वेळी जे बोलतात त्याला फिलर म्हणतात. दोन चुटके, एक शेर, झालं. तो दहा मिनिटं पुरतो. मला पुऱ्या तळून होईपर्यंत हजार उपाशी माणसं धरून ठेवायची होती. मी माईक घेतला, खाली बायकांमध्ये गेले आणि एका म्हाताऱ्या आजींसमोर धरला. "आजी, उखाणा."

आजी लाजल्या नाहीत. म्हणाल्या,

"जवळ्याच्या बाजारात घेतली बांगड्यांची जोडी,
किसनरावाचं नाव घेते, आता वाढा की थोडी कढी!"

मंडप असा हसला, की उठलेली माणसं खाली बसली. मग मी सोडते की काय! सासवा, सुना, नवरी, सगळ्यांपुढं माईक फिरला. मध्ये मी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. गावोगावच्या म्हाताऱ्यांपाशी बसून, त्यांचे पाय चेपत शिकलेल्या. त्या म्हणायला आजवर कोणी मला वेळच दिला नव्हता, कारण वेळ पुढाऱ्यांना लागायचा. एक ओवी माहेरावरची होती. ती झाल्यावर शीतलची आई रडली, मग शीतल रडली. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला मुहूर्त गाठल्याचाही झाला नव्हता.

मग वातावरण हलकं करायला मी स्टेजवर गेले. "भाषण नको, अण्णासाहेब. उखाणा घ्या."

अण्णांनी मिशीवर हात फिरवला.

"सोयाबीनला लागल्या शेंगा, कापसाला आलं बोंड,
सुमनबाईचं नाव घेतलं, आता गोड करा तोंड!"

"अहो, तेच तर शिजून नाही राहिलं!" मागून कोणीतरी ओरडलं. अण्णांनी एक घेतला म्हटल्यावर दादांनी दोन घेतले. दादांनी दोन घेतल्यावर अण्णांना तिसरा सुचला. यावेळी कोणी कोणाला 'आधी तुम्ही' म्हणालं नाही. शेवटी आचारी स्वतः झारा घेऊन स्टेजजवळ आला आणि म्हणाला, "बाई, आता बंद करा, पुऱ्या गार होऊन राहिल्या."

पंगतीत गुरुजी माझ्या शेजारी बसले. मग बुंदी मागून घेत म्हणाले, "बाई, ती माहेरची ओवी मला लिहून देता का?"

"लिहून नाही देणार. माझ्या सकाळच्या रियाजाला या, पाठ करून घेते."

ते खरंच आले. शेजारच्या काकू आता विचारतात, "दोघंबी काहून बोंबलून राहिले रोज?"

पुढच्या सीझनला मला भरपूर कामं आली. मी फोनवर विचारायचे, "मुहूर्तावर लावायचं ना?" समोरून उत्तर यायचं, "मुहूर्ताचं बघू हो ताई, ते उखाण्याचं नक्की करा." मी वर्षानुवर्षं जे घासूनपुसून तयार ठेवलं होतं, ते लोकांना दिसायला पुऱ्या उशिरा व्हाव्या लागल्या.

नवीन मुलं-मुली शिकायला येतात, यशाचं गुपित विचारतात. मी सांगते, रोज रियाज करा. स्वतःवर विश्वास ठेवा, खुशाल पैज लावा. फक्त पैज लावायच्या आधी एकदा आचाऱ्याला भेटून या.